कुळवृत्तांताच्या पहिल्या पानाबद्दल

गुंजवणे, ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे)
कार्तिक

चि. बाळास,


तुझं पाकीट मिळालं. कुळवृत्तांताचा कच्चा खर्डा, तुझ्या डीएनए चाचणीचा रंगीत अहवाल आणि तुझं पत्र, तिन्ही सावकाश वाचलं. नोकरी सांभाळून तू गावोगाव फिरलास, जुन्या वाटणीपत्रांच्या नकला मिळवल्यास, भावकीतल्या रुसलेल्या घरांतही जाऊन बसलास. हे काम कुणीतरी करायला हवंच होतं. पण पहिल्या पानावर तो अहवाल छापायचा आणि वर 'आमच्या शुद्ध क्षत्रिय रक्ताचा वैज्ञानिक पुरावा' असं शीर्षक द्यायचं, असं तू ठरवलं आहेस. प्रस्तावना मी लिहावी म्हणतोस, कारण मी आयुष्यभर हायस्कूलात जीवशास्त्र शिकवलं आणि माझ्या नावाने वजन येईल. प्रस्तावना मी आनंदाने लिहीन. ते पान मात्र काढ. नुसतं 'नको' म्हटलं तर तुला पटणार नाही, आणि पटूही नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी त्या अहवालात खरोखर काय आहे ते बघू. तुझ्या थुंकीतून कंपनीने डीएनए काढला. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. अशा चाचण्यांत त्यातली सहा-सात लाख ठिकाणं वाचतात, जिथे माणसामाणसांत फरक पडतो असं आधीपासून माहीत आहे. मग ती ठिकाणं कंपनीपाशी असलेल्या नमुन्यांशी ताडून बघतात. हे नमुने आजच्या, जिवंत माणसांचे असतात. म्हणजे अहवालातले टक्के तू आज कुणाकुणासारखा दिसतोस ते सांगतात. हजार वर्षांपूर्वी तुझे पूर्वज कुठल्या गावात राहत होते ते सांगत नाहीत. त्यातून कंपनीपाशी मावळातल्या माणसांचे नमुने जवळजवळ नसणारच. ज्याच्याकडे शेर आणि पायली एवढीच मापं आहेत, त्याच्याकडून सोन्याचं वजन करून घेण्यासारखं ते आहे. माप खोटं नसतं, पण ते त्या कामाचं नसतं. म्हणून त्याच कंपनीने उद्या नमुने वाढवले की तुझे टक्के बदलतील. तुझं रक्त मात्र तेच राहील.

तुझा सगळा भर त्या 'आर-१-ए' वर आहे. तू त्याच्याखाली लाल रेघ मारली आहेस. तो वाय गुणसूत्राचा गट आहे, बापाकडून लेकाला जातो. आपल्याकडे आढळणारी त्याची शाखा मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या माणसांशी जोडली जाते, हे तू बरोबर वाचलंस. पण तो क्षत्रियांचा बिल्ला नाही. त्याची दुसरी शाखा पोलंड आणि रशियातल्या लाखो पुरुषांत आहे. आपल्या देशात तो ब्राह्मणांत आहे, शेतकरी जातींत आहे, आणि नल्लमलाच्या जंगलात कंदमुळं नि मध गोळा करून जगत आलेल्या चेंचू आदिवासींतही तो २००३ सालच्या अभ्यासात सापडला. तू आपल्याला म्हणतोस तसं चेंचूंना कुणी राजपुतान्यातून आलेले क्षत्रिय म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता थोडा हिशेब कर. शिवाजी महाराज राजगडावर राहत होते तेव्हापासून आजपर्यंत साधारण तेरा पिढ्या झाल्या असं धर. तेरा पिढ्या मागे तुझ्या पूर्वजांच्या जागा होतात ८,१९२. वाय गुणसूत्र त्यातल्या फक्त एका जागेवरच्या पुरुषाचं नाव घेतं. बाकीच्या ८,१९१ जागांबद्दल ते गप्प असतं. त्यातल्या पुष्कळ जागांवर तीच ती माणसं पुन्हा पुन्हा बसलेली असणार, कारण आपल्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत, आणि सोयरिकी होणार त्या कानंद मावळात, रोहिडखोऱ्यात, हिरडस मावळात. डीएनए पुढच्या पिढीला तुकड्यातुकड्यांनी जातो, त्यामुळे इतक्या मागच्या पूर्वजांपैकी बहुतेकांचा एकही तुकडा तुझ्यापर्यंत पोचलेला नसतो. ते तुझे पूर्वज होते यात शंका नाही, तरी चाचणीला ते कधीच दिसणार नाहीत. तू ज्याला मूळ पुरुष म्हणतोस त्याचंही वाय गुणसूत्र सोडलं तर काही तुझ्यात उरलं असेलच याची खात्री नाही. मग त्याच्यावरून सगळ्या घराण्याच्या रक्ताचा दाखला कसा द्यायचा?

अहवालाच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, आणखी एक गट दिला आहे. त्याच्याखाली तू रेघ मारलेली नाहीस. तो तुझ्या आईकडून आलेला, मायटोकॉन्ड्रियाचा गट, 'एम'. आईकडून लेकरांना, तिला तिच्या आईकडून, अशी ती मागे मागे जाणारी रेषा. मला विचारशील तर सगळ्या अहवालातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिथे आहे. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृरेषा 'एम'च्या कुठल्या ना कुठल्या फांदीवर बसते, आणि आदिवासींत तर हे प्रमाण त्याहून जास्त. यातल्या पुष्कळ फांद्या फक्त आपल्या उपखंडात सापडतात, कारण त्या इथेच, हजारो वर्षांत फुटल्या. घोडे घेऊन कुणी येण्याच्या, अगदी नांगर येण्याच्याही कितीतरी आधी त्या बायका इथे होत्या. वहिनीची रेषा तिथून येते. पुस्तकात राजपुतान्याला पान मिळालं आणि या बायकांना ओळसुद्धा मिळाली नाही, याचं मला वाईट वाटलं.

त्या बायका कुठून आल्या, तर शेवटी आफ्रिकेतून, जिथून सगळेच आले. २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात २,७०० हून अधिक भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास आला. आपला बहुतेक सगळा वारसा सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या एका मोठ्या स्थलांतराकडे जातो, असा त्याचा निष्कर्ष आहे. वाटेत त्यांचा नेअँडरथल माणसांशी संकर झाला आणि त्याचा एक-दोन टक्के अंश आजही तुझ्या-माझ्यात आहे. म्हणजे ज्या दिवशी आपले पूर्वज या भूमीवर आले, त्या दिवशीही त्यांचं रक्त तुझ्या अर्थाने 'शुद्ध' नव्हतंच.

आपल्या जिल्ह्यात आणि खानदेशात या जुन्या काळाच्या खुणा आहेत, त्या तू बघून यायला हव्यास. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सोबतीने दगडी हत्यारं. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची, की त्याहून खूप जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. ती हत्यारं घडवणारे हात आपल्या पूर्वजांचेच होते असंही नाही. आधी येऊन गेलेली, वंश मागे न ठेवलेली माणसंही असू शकतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला मात्र सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांनी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी केले, कवचावर रेघांची नक्षी कोरली. खानदेशात तेव्हा शहामृगं फिरत होती! शाळेत मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम जागा व्हायचा.

मग शेती आली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून कितीतरी वर्षं उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं एक पूर्ण गाव तिथे मातीखाली होतं. गेलेली मुलं ते घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडून पुरायचे. का, याचा तर्कच करावा लागतो. सुभाष वाळिंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या हाडांचा, दातांचा बारकाईने अभ्यास केला आहे. जनुकं वाचणं आपल्याकडे अवघड जातं, कारण डीएनएला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाहीत.

किती अवघड, ते राखीगढीवरून कळेल. हरियाणातलं हे हडप्पाकालीन शहर. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंद्यांच्या नेतृत्वाखाली तिथलं दफनस्थान खोदलं. साठहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले, त्यात एकाच बाईचा डीएनए वाचण्याजोगा निघाला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती बाई. सप्टेंबर २०१९ मध्ये तो निबंध 'सेल'मध्ये आला आणि त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा दुसरा मोठा अभ्यास. दोन्हींत बरेच लेखक तेच. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र एकाच दिवशी उलटसुलट मथळे आले. कुणी 'आर्य आलेच नाहीत' म्हणून आनंदले, कुणी 'आर्य आलेच' म्हणून.

दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले की गोष्ट स्पष्ट होते. त्या बाईत दोन प्रवाह होते. एक इथल्या अतिप्राचीन शिकारी माणसांचा, ज्यांचे दूरचे भाऊबंद अंदमानात आहेत. दुसरा इराणच्या पठारावरल्या लोकांशी नातं असलेला, पण तिथे शेती सुरू व्हायच्या आधीच वेगळा झालेला. गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात नव्हता. तो प्रवाह नंतर, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात आला. आजच्या आपल्या बहुतेकांत हे तिन्ही प्रवाह आहेत, प्रमाण वेगवेगळं. तू ज्याला आपलं खरं रक्त म्हणतोस तो तिघांतला शेवटी आलेला. आपल्या भागात तो बहुतेकांत तिघांतला लहानच असतो.

याच्याही पुढचं लिहिते, कारण तुझ्या 'शुद्ध' या शब्दाचं खरं उत्तर तिथे आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचे के. थंगराज आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतले त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवलं की भारतातल्या समूहांत मोठं मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं. एकट्यादुकट्या जातीत नाही; ज्यांना आपण एकलकोंडे समजतो त्या भिल्लांतही ते सापडलं. मग कधीतरी दारं बंद झाली. कल्याणी इथे पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या २०१६ च्या अभ्यासात, जातीबाहेर लग्न न करण्याची रीत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी घट्ट झाल्याचं दिसलं. म्हणजे ज्या रेषा आपण अनादि समजतो त्या ७० पिढ्यांच्या, आणि त्याच्याआधीच्या हजारो पिढ्यांत त्या नव्हत्या. आपल्या आळीतले, कोळीवाड्यातले, धनगरवस्तीवरचे आणि कातकरी वस्तीतले, सगळ्यांचे पूर्वज त्या हजारो पिढ्यांत एकमेकांत मिसळलेले आहेत. गुंजवण्याच्या कुठल्याही घराचा अहवाल काढलास तरी हेच निघेल. फरक निघतील, पण ते प्रमाणाचे असतील.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेंची पुस्तकं मी तुला कॉलेजात असताना दिली होती. त्यातली 'युगान्त' तू वाचलीस, बाकीची नाही. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांनी विद्वत्तेची झूल चढवली ते. त्यांनी या तरुण मराठी मुलीला कवट्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक मोजायला दिला. युरोपीय कवटीत हा फरक विशेष असतो आणि त्यातून श्रेष्ठत्व दिसतं, असं सिद्ध व्हावं ही अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशाशी संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, आपली पदवी ज्याच्या हातात आहे त्या माणसासमोर. परत आल्यावर त्या १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या आणि महाराष्ट्रभर फिरून त्यांनी असंख्य माणसांची मोजमापं घेतली. पुढे कैलाश मल्होत्रांबरोबर १९६८ मध्ये त्यांनी एकाच दर्जाच्या आठ पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली, सगळ्या ब्राह्मण. एका नावाखाली येणारे हे गट शरीराने एकसारखे नाहीत, असं त्यात दिसलं. एकच मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, हे त्यांना मान्य नव्हतं. वेगवेगळे गट एका नावाखाली गोळा झाले असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या शहाण्णव कुळींनाही हे लावून बघ. देवकं वेगळी, दैवतं वेगळी, कुणाचं कुळ कोकणातून वर आलेलं, कुणाचं देशावरून. एक नाव घेतल्याने एक रक्त होत नाही.

'पण आपल्या परंपरेत आहे की आपण उत्तरेतून आलो, ती खोटी का?' असं तू विचारशील. खोटी म्हणायचं कारण नाही. घाट उतरून कोकणात गेलास की बेने इस्रायल या ज्यू लोकांचं जुनं नवगाव लागतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मराठी बोलणारे, पण आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं सांगणारे. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला. ज्यू वंशाचा अंश ठळक निघाला, म्हणजे परंपरेत तथ्य होतं. पण तो अंश मुख्यतः पुरुषांकडून आलेला आणि इथला अंश मुख्यतः बायकांकडून. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. पारशांच्या २०१७ च्या अभ्यासातही मूळ इराणी असल्याचं दिसलं आणि सोबत इथल्या बायकांच्या रेषाही दिसल्या. मेळघाटातले कोरकू ज्या मुंडा भाषाकुळातले, त्या लोकांत आग्नेय आशियातून आलेली पुरुषांची रेषा मोठी आहे आणि बायकांच्या रेषा इथल्या. जिथे बघावं तिथे हेच. कुणीतरी दुरून आलं आणि इथल्या कुणीतरी त्याला घरात घेतलं. आपल्या कुळात कुणी उत्तरेतून आला असेलही. परंपरा म्हणून ते अवश्य लिही, पण ज्या घराने त्याला जावई करून घेतलं त्या घराबद्दलही लिही.

आता तुझ्या दुसऱ्या बेताबद्दल. तुलनेसाठी कातकरी वस्तीतल्या वीस-पंचवीस जणांच्या थुंकीचे नमुने घ्यायचे, माणशी पाचशे रुपये द्यायचे, आणि 'ते वेगळे, आपण वेगळे' हे तक्त्यात दाखवायचं. बाळा, हे करू नकोस, आणि हे मी जरा कडकपणे सांगते आहे. आता कार्तिकात त्या वस्तीतली घरं बंद व्हायला लागली आहेत, माणसं वीटभट्ट्यांवर निघाली आहेत. हातात पैसा नसताना पुढे केलेल्या पाचशेला होकार मिळाला, तर त्याला संमती म्हणता येत नाही. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरचे २०१७ चे नियम आहेत. नमुना कशासाठी घेतो, त्याचं पुढे काय होणार, नको म्हणायचा हक्क आहे, हे समजेल अशा भाषेत सांगून मग संमती घ्यायची, आणि हे सगळं नीतिसमितीच्या परवानगीने.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. १९९० पासून त्यांच्यातल्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोनातल्या विद्यापीठाला रक्त दिलं. पुढे तेच रक्त न विचारता मानसिक आजारांच्या आणि प्राचीन स्थलांतरांच्या अभ्यासाला वापरलं गेलं. आपण याच दरीत जन्मलो असं त्यांची श्रद्धा सांगते, आणि त्यांच्याच रक्तातून 'तुम्ही आशियातून आलात' असं छापून आलं. खटला चालला. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. लोकांनी ते आपल्या विधीने घरी नेले. तिथे निष्कर्ष चुकीचा होता असं नाही. पण ज्यांचं रक्त, त्यांना विचारलं नव्हतं. तू तर निष्कर्ष आधी ठरवूनच नमुने घ्यायला निघाला आहेस.

विचारण्यावरून एक आठवलं. आत्या आणि भाचा यांच्यात साधारण पाव हिस्सा जनुकं सारखी असतात, सख्ख्या बहीण-भावांत निम्मी. तुझा अहवाल छापला गेला तर त्यात तुझ्या बहिणीचा अर्धा आणि माझा पाव छापला जाईल. मला तू विचारलं नाहीस. अशा चाचण्या करणारी अमेरिकेतली एक मोठी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि दीड कोटी लोकांच्या माहितीचं आता काय, हा प्रश्न कोर्टात उभा राहिला. तुझ्या कंपनीला पत्र लिहून नमुना नष्ट करायला सांग, तशी सोय बहुतेक ठिकाणी असते.

शेवटी तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य. तुझ्या धाकट्या बहिणीने भोरकडच्या महादेव कोळी घरातला मुलगा पसंत केला आहे आणि तू लिहितोस, 'हा अहवाल बघून तरी ती विचार करेल.' तिने विचार केला आहे. ती माझ्याशी बोलली, मुलगाही येऊन भेटून गेला. शांत आहे, कष्टाळू आहे, तिच्याशी आदराने बोलतो. त्या लग्नाच्या आड तू हा कागद आणलास तर जनुकशास्त्र तुझ्या बाजूने साक्ष देणार नाही, उलट देईल. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास झाला. त्यातल्या ८१ समूहांत मूठभर पूर्वजांपासून वाढून आपसांतच लग्नं केल्याच्या खुणा इतक्या ठळक निघाल्या, की युरोपातले फिन आणि अश्केनाझी ज्यूही त्यांच्या मागे पडले. अशा समूहांत दोन्हीकडून तेच दोषी जनुक मिळून होणारे आजार वाढतात. आंध्रातल्या काही वैश्यांत भूल देताना वापरतात त्या एका औषधाचा अंमल वेळेत उतरत नाही, तो याच कारणाने. मामाच्या मुलीशी लग्न झालं की नवरा-बायकोचा जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो. आपल्या घरात ही लग्नं किती झाली ते तुझ्याच वंशावळीत मोज, आणि त्या घरांतली लहानपणी गेलेली मुलंही मोज. प्रत्येक मृत्यू त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, पण मोजून बघ.

खरोखर विज्ञानाचा आधार घ्यायचा असेल तर धाकटीला आणि त्या मुलाला थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यायला सांग. साधी तपासणी आहे. दोघेही एकाच दोषाचे वाहक निघाले तर प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो, आणि तो आधी कळला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वाट काढता येते. जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नांआधीही हे व्हावं असं मी प्रस्तावनेत लिहिणार आहे. तुझी हरकत नसावी.

मग पहिल्या पानावर काय? माझं मत असं. तुझ्या खर्ड्यात पुरुषांची नावं नऊ पिढ्यांपर्यंत आहेत आणि बायकांच्या जागी 'पत्नी' किंवा नुसती रेघ. तुझ्या पणजीचं नावसुद्धा तिथे नाही. तिचं माहेर मोसे खोऱ्यातलं होतं, तिला जात्यावरच्या ओव्या रात्रभर पुरायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी मुळशी-मावळातल्या बायकांकडून अशा हजारो ओव्या टिपून ठेवल्या आहेत. आपल्याकडेही काही म्हाताऱ्या आहेत ज्यांना सासर-माहेरच्या चार-चार पिढ्यांच्या बायका नावानिशी आठवतात. त्यांच्याकडून नाव, माहेर, देवक, कुठल्या जत्रेला जायच्या, दुष्काळात कुठून कुठे आल्या, हे सगळं लिहून घेऊ. दत्तक गेलेले आणि आलेले, घरात वाढलेले, दुसऱ्या घरोब्याचे, ज्यांची नावं भावकीने गाळली, तेही लिहू. लेकींची सासरंही. माणसं कुठून कुठे गेली हे त्या पानांवर अहवालातल्या रंगीत नकाशापेक्षा जास्त खरं दिसेल.

उतारवयातल्या मावशी आता साखर गावी लेकीकडे आहेत, कानाने कमी ऐकतात पण सकाळच्या वेळी आठवण चांगली असते. मार्गासनीच्या आजी दुपारी मोकळ्या असतात. पौषात सुट्टी काढून ये, आपण दोघं जाऊ. ध्वनिमुद्रणासाठी फोन चालेल, पण आधी त्यांना विचारायचं. कोरी मोठी वही घेऊन ये, इथे मिळणारी पातळ असते. येताना धाकटीला सोबत आण. तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

वहिनीला नमस्कार, सूनबाईला नि चिमणीला आशीर्वाद. नाचणीचं पीठ दळून ठेवलं आहे, आलास की घेऊन जा. नाचणीचंही मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतलं आहे, हे चिमणीला सांग, तिला अशा गोष्टी आवडतात.

तुझी,
आत्या